ग्रंथांचे बहिरंग : वऱ्हाडातील वाचनालये, बांधण्या आणि मुखपृष्ठे

सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक शोधण्याच्या ज्या रीती रूढ झाल्या आहेत, त्या जवळजवळ सर्व ग्रंथाच्या अंतरंगावर आधारलेल्या आहेत. विषयावरून ठरणारा वर्गांक, लेखकाचे नाव आणि पुस्तक संग्रहात आले त्या क्रमाने त्याला मिळालेला दाखल क्रमांक, एवढ्या खुणांवर कोणतेही पुस्तक कपाटातून काढता येते. परंतु त्याची बांधणी कोणत्या प्रकारची आहे, पुठ्ठ्यावर कापड आहे की चामडे, मुखपृष्ठ कोणी काढले आणि ते किती रंगांत छापले, याची नोंद या खुणांत सहसा आढळत नाही. त्यामुळे बहिरंगासाठी पुस्तके पाहणाऱ्या वाचकाला सूचीचा फारसा उपयोग होत नाही. त्याला कपाटासमोर उभे राहून एकेक पुस्तक हातात घ्यावे लागते, उलटून पाहावे लागते आणि पुन्हा जागेवर ठेवावे लागते. असे चाळणे म्हणजे वेळ घालवणे, असा समज वाचकांत आणि कित्येकदा ग्रंथपालांतही असतो. तो समज सोडून द्यावा असाच आहे, कारण पुस्तक कोणत्या काळात, कोणत्या वाचकासाठी आणि किती खर्चात तयार झाले, हे त्याच्या मजकुराइतकेच, किंबहुना काही वेळा मजकुरापेक्षाही स्पष्टपणे, त्याची बांधणी आणि मुखपृष्ठ सांगत असते.

वऱ्हाडात अशा पाहण्याला वाव मोठा आहे. अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय 1860 सालचे आहे आणि अमरावतीचे नगर वाचनालयही एकोणिसाव्या शतकातलेच आहे. अमरावतीतच 1923 साली विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी तेथे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था, सुरू झाले. अशी वाचनालये आणि विद्यासंस्था असलेल्या प्रदेशात ग्रंथ वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या वाटांनी येत राहतात. काही विकत घेतले जातात, काही एखाद्या वाड्यातील संग्रहाबरोबर देणगीदाखल येतात, तर 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानंतर शासकीय अनुदानातून झालेल्या खरेदीने बरेच येतात. दीर्घकाळ जमत गेलेल्या अशा कपाटात बांधणीचे प्रकार एकमेकांशेजारी उभे असतात आणि पाहणाऱ्याला कित्येक दशकांचे अंतर एका हाताच्या पल्ल्यात तपासता येते.

या प्रदेशातील ग्रंथाचा सर्वांत जुना घाट मात्र उभ्या पुस्तकाचा नाही. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते याच परिसरात. त्या परंपरेतील ग्रंथ नकला करूनच टिकले आणि पंथीयांनी ते सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवून सांभाळले. पोथी म्हणजे आडव्या, सुट्या पानांचा गठ्ठा असतो. तिला शिवण नसते आणि म्हणून कणाही नसतो. कणा म्हणजे पुस्तकाची पाठ, जिच्यावर आजच्या ग्रंथाचे नाव छापलेले असते. पोथीच्या वर आणि खाली लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठा ठेवून सर्व पाने एका कापडात, म्हणजे बासनात, गुंडाळतात, आणि कसर लागू नये म्हणून मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. कापडातून हवा खेळती राहते, धूळ मात्र आत जात नाही; उष्ण प्रदेशात हे साधे वेष्टन पुष्कळदा पुठ्ठ्याच्या बांधणीपेक्षा अधिक हितकारक ठरते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन मंदिरांचे हस्तलिखित भांडार याच रीतीने टिकून राहिले.

छपाई आली तेव्हा हा घाट लगेच लोपला नाही. शिळाछापावर, म्हणजे दगडावर मजकूर उमटवून त्यावरून छापण्याच्या पद्धतीने, एकोणिसाव्या शतकात निघालेल्या धार्मिक पोथ्या आडव्या आणि सुट्या पानांच्याच राहिल्या. आजही शेगावच्या ‘गजानन विजय’ ग्रंथाचे किंवा तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’चे पारायण करणाऱ्या घरांत, छापील आणि शिवलेली प्रत असली तरी, तिला स्वच्छ कापडात ठेवण्याची सवय आढळते. बांधणीमागे तंत्र असते तसा ग्रंथाविषयीचा भावही असतो, आणि ग्रंथालयात बासनात बांधलेली छापील प्रत दिसली तर ती कोणाच्या तरी देवघरातून आलेली असण्याचा संभव मोठा असतो.

पोथी ते पुस्तक या संक्रमणाचे एक ठळक उदाहरण अमरावतीच्या नावाशी जोडलेले आहे. किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ‘षट्खंडागम’ या प्राचीन प्राकृत ग्रंथाचे, त्याच्या ‘धवला’ टीकेसह, संपादन हाती घेतले आणि त्याचा पहिला खंड 1939 साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे हे काम सोळा खंडांत पूर्ण झाले. मूळ ग्रंथ कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, शतकानुशतके बंद होता. तो देवनागरीत, कागदावर, शिवलेल्या खंडांच्या रूपात कपाटात उभा राहिला, तेव्हा दर्शनाची वस्तू असलेला ग्रंथ अभ्यासाची वस्तू झाला. अशा मालेतील एखादा खंड हातात आला तर त्याच्या शिवणीकडे आणि कण्याकडे थोडे थांबून पाहणे उचित ठरेल.

शिवलेल्या पुस्तकाची रचना समजून घेतली की हे पाहणे अधिक डोळस होते. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घातल्या की बहुधा सोळा पृष्ठांचा एक जुडगा तयार होतो. त्याला बांधणीकार जुज म्हणतात. प्रत्येक जुज त्याच्या घडीतून दोऱ्याने शिवून शेजारच्या जुजाशी जोडणे म्हणजे जुजबंदी, आणि अशी बांधणी केलेले पुस्तक टेबलावर उघडून ठेवले तर ते आपोआप न मिटता सपाट राहते. याउलट सर्व पाने एकत्र ठेवून कण्यालगत बाजूने टाके घातले, तर काम लवकर आणि स्वस्त होते. परंतु पुस्तक पुरते उघडत नाही आणि आतील समासातला मजकूर शिवणीत जातो. तिसरा प्रकार अलीकडचा, केवळ गोंदाने पाने चिकटवण्याचा. त्यात घड्या कापून टाकलेल्या असल्यामुळे एक पान सुटले की शेजारची पाने त्याच्या मागोमाग निघू लागतात. पुस्तकाच्या डोक्याकडून कण्याकडे पाहिल्यास घड्यांच्या लहान कमानी दिसतात की कापलेल्या पानांची सरळ रेघ दिसते, एवढ्यावरून हा फरक कोणत्याही वाचकाला ओळखता येतो.

पुठ्ठ्यावरील आच्छादनाचाही स्वतंत्र इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमध्येही पुस्तके साध्या कागदी पुठ्ठ्यांत विकली जात आणि ग्राहक ती आपल्या ऐपतीप्रमाणे चामड्यात बांधून घेत. 1820 च्या दशकात खळ भरून घट्ट केलेले सुती कापड वापरात आले आणि प्रकाशकानेच सर्व प्रती एकसारख्या बांधून विकण्याची पद्धत सुरू झाली. ज्या वऱ्हाडच्या कापसाने परदेशी गिरण्या चालल्या, त्या वऱ्हाडात परदेशी पुस्तके सुती आवरणे लेवून परत आली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कापडावर तापलेल्या पितळी ठशाने सोनेरी अक्षरे उमटवता येत, आणि जुन्या इंग्रजी व मराठी ग्रंथांच्या कण्यावर ती अजूनही चमकताना दिसतात. किमती ग्रंथांना अर्धचामडी बांधणी होई. तीत कणा आणि कोपरे चामड्याचे असत व उरलेल्या पुठ्ठ्यावर बहुधा अबरी कागद लावलेला असे. अबरी म्हणजे घट्ट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून, त्यांची लहरदार नक्षी अलगद उचलून घेतलेला कागद. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाही चित्रकारांनी याच तंत्राने केलेली चित्रे जगभरच्या संग्रहालयांत जपलेली आहेत, आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर तो कागद दिसतो तेव्हा दख्खनच्या कलेशी असलेले त्याचे नाते विसरू नये.

मराठी ग्रंथाच्या बहिरंगाला खरा बहर आला तो विसाव्या शतकाच्या मध्यात. पूर्वीच्या मराठी पुस्तकांचा दर्शनी भाग म्हणजे बहुतेक वेळा कापडी पुठ्ठा आणि त्यावर केवळ नाव, किंवा साध्या कागदी आवरणावर वेलबुट्टीच्या चौकटीत बसवलेले शीर्षक. पुढे जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरून तयार केलेला ठसा, म्हणजे छापखान्याच्या बोलीत ब्लॉक, सहज मिळू लागला आणि चित्रकार मुखपृष्ठाकडे वळले. ब्लॉकच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे आणि तो वेगळा छापावा लागे, त्यामुळे प्रत्येक रंग म्हणजे प्रकाशकाच्या खर्चात वाढ. म्हणून दोन किंवा तीनच रंगांत चित्र रचायचे, एका रंगावर दुसरा चढवून मधूनच तिसरा मिळवायचा, आणि कागदाचा मूळ पांढरा रंगही चित्राचाच भाग करून घ्यायचा, हे कौशल्य त्या पिढीने कमावले. आज संगणकावर लक्षावधी छटा हाताशी असताना त्या काळच्या दोन रंगांतील मुखपृष्ठांची मांडणी अधिक ठाम वाटते, आणि तिचे श्रेय या निर्बंधाला दिले पाहिजे.

या काळातील नावे ग्रंथप्रेमींच्या परिचयाची आहेत. मूळचे मडगावचे दीनानाथ दलाल (1916–1971) यांनी काढलेली मुखपृष्ठे मराठी घरांत आणि वाचनालयांत सर्वदूर पोचली. त्यांची रेषा एका ओघात जाणारी, रंग सपाट आणि प्रसन्न, आणि ‘दीपावली’ या त्यांच्या वार्षिकामुळे तीच दृष्टी दिवाळी अंकांतही रुजली. रघुवीर मुळगावकर यांची शैली वेगळी. पौराणिक व्यक्तिरेखा आणि रहस्यकथांचे थरार दोन्ही त्यांनी छायाप्रकाशाच्या घोटीव कामातून उभे केले. द. ग. गोडसे (1914–1992) यांचे सुरुवातीचे शिक्षण विदर्भात, सावनेर आणि नागपूर येथे झाले. चित्रकार, नेपथ्यकार आणि ‘पोत’सारख्या ग्रंथाचे लेखक असलेल्या गोडशांनी मुखपृष्ठावर मराठी शिल्प, वस्त्र आणि लिपी यांचे संस्कार आणले, आणि त्यांच्या हातचे आवरण पाहिले की ते या मातीतले आहे याची खूण पटते. वसंत सरवटे यांची हास्यचित्रकाराची रेषा विनोदी वाङ्मयाशी कायमची जोडली गेली. पद्मा सहस्रबुद्धे आणि बाळ ठाकूर यांनी कथा-कवितांच्या पुस्तकांना संयत, अमूर्ताकडे झुकणारे रूप दिले. आणि कमल शेडगे यांनी केवळ अक्षरांच्या वळणातून विषय सुचवण्याची किमया साधली. देवनागरीत शिरोरेघ असल्यामुळे अक्षरे एका दांडीला टांगल्यासारखी येतात, आणि ती दांडी तोडायची, वाकवायची की ठळक करायची, हा निर्णय मराठी मुखपृष्ठाच्या यशापयशात फार मोठा असतो. र. कृ. जोशी यांनी हाच प्रश्न कवितेपासून संगणकीय टंकापर्यंत नेला.

वऱ्हाडच्या साहित्याने या बहिरंगात काय मिळवले, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पुढे येतो. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर, ‘धग’ (1960) लिहिणारे अमरावतीचे उद्धव शेळके, कवी सुरेश भट अशा लेखकांची पुस्तके या प्रदेशातल्या कपाटांत आवृत्त्यांमागून आवृत्त्यांत जमत गेली. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर प्रत्येक पिढीच्या प्रकाशकाने त्या कलाकृतीकडे कसे पाहिले हे कळते. ग्रामीण दारिद्र्याची कादंबरी एका काळी चेहऱ्याच्या चित्राने, दुसऱ्या काळी केवळ रंगाच्या पोताने आणि तिसऱ्या काळी छायाचित्राने मांडली जाऊ शकते. नागपूरचे चित्रकार भाऊ समर्थ यांनी विदर्भातील साहित्याशी आपली रेषा जोडली, आणि अमरावतीत अध्यापन केलेले कवी वसंत आबाजी डहाके स्वतः रेखाटने करतात. लेखन आणि रेखाटन एकाच हातात असले की आवरण आणि मजकूर यांतील अंतर किती कमी होते, हे अशा पुस्तकांतून पाहता येते.

तरीही वाचनालयातील कपाटाकडे पाहिले तर नजरेला आधी भिडतात ते एकसारखे लाल, हिरवे, काळे कणे. देवघेवीत शेकडो हातांतून गेलेले पुस्तक खिळखिळे झाले की ते बांधणीला जाते. सुटे जुज पुन्हा शिवले जातात, कडा कापल्या जातात, नवा पुठ्ठा चढतो आणि वर रेक्झिन, म्हणजे रासायनिक लेप दिलेले कापड, लावून कण्यावर नाव व क्रमांक घातला जातो. ही बांधणी अनावश्यक नसते. अकोला आणि अमरावती येथे उन्हाळ्यात तापमान 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या कोरड्या उष्णतेत कागदातील ओल निघून जाते, सरस ठिसूळ होतो आणि पुठ्ठे वाकतात, आणि पाठोपाठ येणाऱ्या पावसाळ्यात तोच कागद पुन्हा ओल शोषून फुगतो. खळीच्या वासाने कसर आणि झुरळे येतात, म्हणून बांधणीकार खळीत मोरचूद घालत आले आहेत. जुन्या चामडी कण्यांना बोट लावताच लालसर भुकटी निघते. हवेतील आम्लधर्मी वायू आणि उष्णता यांनी चामड्याचे तंतू मोडल्याचे ते लक्षण आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद स्वतःच्या आम्लतेने पिवळा पडतो, हे तर सर्वांच्या पाहण्यातले आहे. अशा परिस्थितीत मजकूर वाचवण्याचे श्रेय रेक्झिनच्या बांधणीला दिलेच पाहिजे.

परंतु त्या बचावात मुखपृष्ठाचा बळी जातो. वेष्टन, म्हणजे पुठ्ठ्यावर सुटे घातलेले चित्रित आवरण, पुस्तक दाखल होतानाच काढून टाकण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी होती आणि युरोपातील मोठी ग्रंथालयेही दीर्घकाळ तसेच करीत होती. तेथे आज त्याची हळहळ व्यक्त होते आणि जुनी वेष्टने संग्राह्य मानली जातात. कागदी आवरणाची पुस्तके पुन्हा बांधताना मूळ आवरण फेकले गेले, तर त्याबरोबर चित्रकाराचे काम जातेच, शिवाय प्रकाशकाचा पत्ता, किंमत, मलपृष्ठावरील परिचय आणि आगामी पुस्तकांच्या जाहिराती यांसारखी माहितीही जाते, जी वाङ्मयाच्या इतिहासकाराला अन्यत्र मिळत नाही. कडा पुन्हा कापताना समासही आक्रसतो आणि मूळ मांडणीचा तोल बिघडतो. कायद्यानुसार प्रकाशकांना 1954 पासून राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य ठरावीक ग्रंथालयांकडे प्रती पाठवाव्या लागतात, तरी तालुक्याच्या गावी शिल्लक राहिलेली एखादी मूळ आवरणाची प्रत त्यामुळे कमी मोलाची ठरत नाही.

जे उरले आहे ते ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ब्लॉकने छापलेल्या मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवले तर दाबाचा किंचित उठाव जाणवतो, रंगाच्या कडेला शाईची बारीक गडद किनार असते आणि दोन रंग एकमेकांपासून केसभर सरकलेले दिसतात. ऑफसेटच्या, म्हणजे पत्र्यावरून रबरावर व रबरावरून कागदावर होणाऱ्या छपाईत कागद सपाट राहतो. छायाचित्राच्या छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसते. चित्रकाराची सही बहुधा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात असते, आणि तेथे नसली तर शीर्षकपानाच्या मागे, मुद्रक व प्रकाशक यांच्या नावांखाली, मुखपृष्ठकाराचा उल्लेख सापडतो. जुन्या पुस्तकांत तो पुष्कळदा नसतोच, आणि मग शैलीवरून अंदाज बांधण्याचे काम जाणकार वाचकाकडे येते.

अशी आवरणे जपण्यासाठी वऱ्हाडातील ग्रंथालयांना मोठा निधी लागणार नाही. पुस्तक बांधणीला देण्यापूर्वी मूळ मुखपृष्ठ व मलपृष्ठ सोडवून ते नव्या बांधणीत पहिल्या आणि शेवटच्या पानांलगत शिवून घेण्याची सूचना बांधणीकाराला देता येते. ते शक्य नसेल तेथे आवरणाचे छायाचित्र घेऊन दाखल क्रमांकासह ठेवता येते. आणि संगणकीय सूचीत टीपेच्या रकान्यात मुखपृष्ठकाराचे नाव व बांधणीचा प्रकार लिहिता येतो. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांतील ग्रंथपालांनी एवढे काम प्रथम 1980 पूर्वीच्या मराठी पुस्तकांपुरते हाती घ्यावे, कारण ब्लॉकच्या काळातील आवरणे त्यांतच आहेत आणि बांधणीला जाण्याची पाळीही आता त्यांचीच आहे. वाचकांनीही कपाटात मूळ आवरणासह उभे असलेले जुने पुस्तक दिसले तर ते ग्रंथपालांच्या नजरेस आणून द्यावे, आणि घरातील संग्रह वाचनालयाला देताना त्यावरची वेष्टने काढून न टाकता ती पुस्तकांसोबतच द्यावीत.